आकडेवालीची सातवी फेरी

त्या वस्तीत तिला कोणी नावानं हाक मारत नसे. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला की आतून कोणीतरी म्हणायचं, "आली गं आकडेवाली!" मग दार उघडायच्या आधी घाईघाईनं आवराआवर व्हायची. खुर्चीवरचे कपडे पलंगावर जायचे, रेडिओ बंद व्हायचा. दोन वर्षांतून एकदाच येणाऱ्या माणसासाठी एवढं तरी करावंच लागतं.

तिचं कामच तसं होतं. शहरातल्या एका संशोधन केंद्राला जाणून घ्यायचं होतं की बाईचं वय वाढत जातं तसतसा तिचा आधार वाढतो की आटतो. त्यासाठी साठी ओलांडलेल्या बायकांची एक यादी केली होती आणि दर दोन वर्षांनी त्याच बायकांना तेच नऊ प्रश्न विचारायचे होते. आजारी पडलात तर औषध आणून देणारं कोणी आहे का? मन मोकळं करावं असं कोणी आहे का? अडीअडचणीला हाक मारली तर धावून येईल असं कोण, आणि ते माणूस किती मिनिटांवर राहतं? उत्तरात नाव लिहायचं नाही. फक्त नातं, मिनिटं आणि शेवटी एकूण माणसं. फॉर्मवर त्या बाईचंही नाव नसायचं, नुसता क्रमांक. आकडेवालीच्या वाट्याला या वस्तीतल्या चौतीस बायका आल्या होत्या.

पहिल्याच फेरीत शिवणवाल्या मावशींनी तिला सरळ विचारलं होतं, "माणसं अशी मोजता येतात होय गं? बटणं आहेत का ती?"

यावर काय बोलायचं ते नियमपुस्तिकेत नव्हतं, म्हणून आकडेवाली काहीच बोलली नाही. तिनं मनात दहा आकडे मोजले आणि प्रश्न पुन्हा वाचला. हे दहा आकडे मात्र पुस्तिकेत होते. उत्तर आलं नाही तर दहा मोजा, प्रश्न पुन्हा वाचा, सुचवू नका. सांगतील तेच लिहा. सल्ला देऊ नका, मदत करू नका. एकीची गोष्ट दुसरीला सांगू नका. स्वतःबद्दल बोलू नका. कारण उघड आहे. मोजायला गेलेलीच मदत करू लागली तर आधार वाढणार, आणि मग मोजायचं काय? तराजूच्या पारड्यात बोट ठेवून वजन केल्यासारखं ते व्हायचं.

आकडेवालीनं हे नियम नुसते पाठ केले नव्हते, ते तिच्या अंगात मुरले होते. ती कामावर लागली तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. नवरा बसगाड्या दुरुस्त करायचा, तो आदल्याच वर्षी गेला होता. मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी. घरात बोलायला कोणी नाही, आणि कामावर बोलायला बंदी. दर रविवारी मुलगी फोन करायची, काही विचारायची, आणि आईकडून उत्तरच यायचं नाही. "आई, फोन कट झाला का?" असं ती ओरडायची. आई आपली दहा मोजत असायची.

केंद्रातले बाकीचे तपासनीस काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. दोघं-तिघं तर चहाच्या टपरीवर बसून चार-चार फॉर्म भरायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आकडेवालीनं कधी एक आकडासुद्धा मनचा लिहिला नाही. तिच्या फॉर्मवर खाडाखोड नाही, पांढऱ्या शाईचा ठिपका नाही. खरं सांगायचं तर अशा माणसांचा जरा रागच येतो. त्यांच्यासमोर आपण उगाच पाय जवळ घेऊन बसतो. पण तिच्याकडे दुसरं होतं तरी काय? माझा आकडा खोटा नसतो, एवढ्या एका गोष्टीवर ती ताठ मानेनं जगत होती.

त्या ताठ मानेला पहिला झटका बसला तो वाचनालयातल्या बाईंमुळे.

या बाई वाचनालयातून निवृत्त झालेल्या, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. पहिल्या फेरीत त्यांची सहा माणसं होती. मग चार झाली, मग तीन, मग एक. भाऊ गेला, मैत्रीण मुलीकडे राहायला गेली, शेजारचं कुटुंब घर विकून निघून गेलं. पाचव्या फेरीत आकडेवालीनं नऊ प्रश्न विचारले आणि नऊ वेळा उत्तर आलं, "कोणी नाही." आवाजात तक्रार नाही, काही नाही. उलट प्रत्येक वेळी बाई अदबीनं म्हणायच्या, "पुढचा?" आकडेवालीनं नऊ शून्यं लिहिली, खाली सही घेतली आणि फॉर्मच्या तळाशी छापलेलं वाक्य वाचून दाखवलं, "आपण वेळ दिलात, धन्यवाद."

बाई दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "आता परत कधी येणार तुम्ही?"

"दोन वर्षांनी."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दार लावलं.

सहाव्या फेरीला आकडेवाली गेली तेव्हा त्या दाराचा रंग बदलला होता आणि दुसऱ्याच कुटुंबातलं लहान मूल आत रडत होतं. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी तिला जिन्यातच सांगितलं. तिच्या मागच्या भेटीनंतर पाच महिन्यांनी बाई न्हाणीघरात पडल्या. नळ चालू राहिला होता. चौथ्या दिवशी यांच्या छताला ओल आली, म्हणून दार फोडलं. गृहस्थ आणखीही बरंच बोलले. आकडेवालीनं सगळं ऐकून घेतलं, मग तिथंच पायरीवर बसून केंद्राच्या मॅडमना फोन लावला.

"अरेरे!" मॅडम म्हणाल्या. "वाईट झालं हो. फॉर्मवर सात टाका."

सात म्हणजे मृत. तिनं सात टाकला. आकडा सुबक आला, नेहमीसारखाच. पण त्या दिवशी ती पुढच्या घरी गेली नाही. तासभर पायरीवर बसून राहिली. कोणी येईल का म्हणून आपण विचारलं, बाईंनी कोणी नाही म्हणून नऊ वेळा सांगितलं, आणि आपण धन्यवाद म्हणून जिना उतरलो. नियमात कुठं चूक नव्हती. तेच तिला सहन होईना.

याच फेरीत, आठच दिवसांनी, ती शाळेच्या बाईंकडे गेली. गणित शिकवून निवृत्त झालेल्या या बाई ऐंशीच्या घरात आल्या होत्या. डोळे इतके अधू झालेले की सकाळची गोळी कुठली नि रात्रीची कुठली हे त्या बाटली हलवून आवाजावरून ठरवत. आकडा एक. मागच्या गल्लीत सिस्टर राहायच्या. इस्पितळात पस्तीस वर्षं काढलेल्या, कानांनी ठार बहिऱ्या, बाकी हातपाय धड. त्यांनी आदल्याच दिवशी आकडेवालीच्या कानठळ्या बसवत सांगितलं होतं, "सकाळी उठते, पण करू काय? मला काही कामच नाही!" त्यांचाही आकडा एक. दोन घरांत सहा मिनिटांचं अंतर होतं आणि एकीला दुसरीचा पत्ता नव्हता.

आकडेवालीनं शाळेच्या बाईंना काही सांगितलं नाही. तिनं पोचपावतीच्या कोऱ्या चिठ्ठीमागे ठळक अक्षरांत सिस्टरांचा पत्ता लिहिला, 'औषधं वाचून देतील' असंही लिहिलं, आणि निघताना ती चिठ्ठी टेबलावर विसरली. दुसरी चिठ्ठी, मावशींच्या पत्त्याची, ती परत जाऊन सिस्टरांकडे विसरली. त्यांच्या कोटाची शिवण उसवली होती आणि शिवणवाल्या मावशी त्याच गल्लीच्या टोकाला राहत होत्या. मावशींचा आकडा तेव्हा शून्यावर आला होता.

बस, एवढंच. दोन चिठ्ठ्या. घरी आल्यावर तिनं चोरी केल्यासारखी दाराला आतून कडी लावली. पुढची दोन वर्षं तिनं त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

*

सातवी फेरी आली. चौतीसांतल्या आता एकोणीस उरल्या होत्या. या तिघींची घरं आकडेवालीनं शेवटी ठेवली होती, आणि आता आणखी पुढं ढकलता येत नव्हतं.

शाळेच्या बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या.

"आजारी पडलात तर औषध आणून देणारं कोणी आहे का?"

"नाही."

"मन मोकळं करावं असं कोणी?"

"कोणी नाही."

खिडकीत कप्प्याकप्प्यांचा एक लाकडी खोका होता. शिंपी बटणं ठेवतात तसला. बटणांच्या जागी गोळ्या होत्या आणि प्रत्येक कप्प्यावर बोटभर उंचीच्या अक्षरांत 'सकाळ', 'दुपार', 'झोपताना' असं लिहिलं होतं. आकडेवालीनं खोका पाहिला. बाईंना दिसत नव्हतं, पण ती कुठं पाहतेय हे त्यांना बरोबर कळलं असावं. त्या जरा जोरात म्हणाल्या, "शून्यच आहे माझं. लिहा तुम्ही." आकडेवालीनं दहा मोजले. सांगतील तेच लिहायचं. तिनं शून्य लिहिलं.

सिस्टरांकडे तर कमालच झाली. दार उघडून त्या खुर्चीत बसल्या आणि आकडेवालीनं नुसती जन्मतारीख विचारली तोच खणखणीत आवाजात म्हणाल्या, "शून्य!"

"सिस्टर, मी अजून विचारलं नाही."

"हो, सगळ्यांना शून्य! नऊच्या नऊ!" मग पुढं वाकून, आपण कुजबुजतोय अशा समजुतीत, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घाबरू नकोस!"

शिवणवाल्या मावशींच्या खोलीत मशीनवर सिस्टरांचा कोट पडला होता आणि मोरीजवळ तीन कप धुऊन पालथे घातले होते. मावशी मशीनमागे बसून म्हणाल्या, "काय सांगू बाई तुला. अख्ख्या जगात एकटी आहे मी." आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. दोरा काही जाईना. हात हलत होता, कारण मावशींना हसू आवरत नव्हतं.

"मावशी, मागच्या खेपेला तुम्ही शून्य म्हणालात तेव्हा रडला होतात," आकडेवाली म्हणाली. पुस्तिकेतलं वाक्य नव्हतं हे. बारा वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून असं काही निघालं.

मावशींचं हसू गेलं. त्यांनी सुई उशीला टोचली.

"लिही ना गं शून्य. तुझं काय जातंय?"

"खरं सांगा."

"खरं काय सांगायचंय? चिठ्ठी विसरलीस म्हणे! बारा वर्षांत तू पेनाचं टोपण कुठं विसरली नाहीस, आणि दोन-दोन चिठ्ठ्या विसरतेस होय? तू मागच्या वेळी तो कागद देऊन गेलीस ना, सहीचा? तो बाईंनी माझ्याकडून अक्षर न् अक्षर वाचून घेतला. मास्तरीणच ती, तिला सगळं वाचायचं असतं. त्यात चौथं कलम आहे. एकीची माहिती दुसरीला दिली तर तपासनीसाला कामावरून काढून टाकणार, आणि पुन्हा यादीतल्या कुठल्या बाईला भेटायची बंदी. आहे का नाही?"

"आहे."

"मग? आम्हा तिघींचे आकडे एकदम वर गेले तर तुझ्या त्या ऑफिसातली माणसं काय डोळे मिटून बसलीत? विचारणारच, कोण आलं म्हणून. म्हणून ठरवलं. बाईंनी दोन दिवस आमच्याकडून पाठ करून घेतलं. त्या बहिरीला तर दहा वेळा सांगावं लागलं, घसा बसला माझा." मावशींनी कोट पुढं ओढला. "लिही आता, आणि जा. जास्त वेळ बसू नकोस इथं."

आकडेवालीनं लिहिलं आणि ती गेली. गल्लीच्या कोपऱ्यावर येईपर्यंत तिनं दम धरला, मग भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिच्यासाठी कोणीतरी खोटं बोललं होतं. नवरा गेल्यापासून तिच्यासाठी कोणी एवढी खटपट केलेली तिला आठवत नव्हती. ती रडली, आणि रडताना तिला इतकं बरं वाटत होतं की त्याचीच तिला लाज वाटली.

आता खरं तर घोडं गंगेत न्हालं होतं. तिनं काहीच करायचं नव्हतं. सांगतील तेच लिहा, हा नियम. आणि तिनं तेच लिहिलं होतं. फॉर्म जमा करायचे, मग पुढची फेरी, आणि नोकरी सुखरूप. त्या तिघी सुखरूप. दोन वर्षांनी पुन्हा त्या खुर्च्यांवर बसायला मिळणार. उलट तोंड उघडलं तर चौथं कलम. नोकरीपेक्षा त्याचीच तिला भीती वाटत होती. या वयात माणूस नवी माणसं कुठून आणणार?

जमा करण्याआधी फॉर्म पडताळायचे असतात. केंद्रातल्या लांब टेबलावर मागच्या फेऱ्यांचे फॉर्म ओळीनं मांडायचे आणि नवा आकडा जुन्याशेजारी ठेवून बघायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडेवाली फॉर्म मांडायला बसली. मांडता मांडता पाचव्या फेरीच्या गठ्ठ्यातून वाचनालयातल्या बाईंचा फॉर्म वर आला. नऊ शून्यं. शेजारी शाळेच्या बाईंची नऊ शून्यं, मग सिस्टरांची, मग मावशींची. एकाच हातातली, एकाच पेनातली. कुठलं शून्य खरं आणि कुठलं नाही, हे जगात कोणालाही सांगता आलं नसतं.

वाचनालयातल्या बाईंजवळ शेवटी ती नऊ शून्यंच होती. तेवढीच त्यांची साक्ष होती, आणि तीही आकडेवालीच्या हातची. त्यांच्या रांगेत ही दुसरी शून्यं बसवायची? ज्यांच्या घरी तीन कप धुऊन पालथे घातलेत त्यांची? मग उद्या कोणी तो तक्ता बघेल आणि म्हणेल, शून्य म्हणजे काय, शून्य असतानाही बायका मजेत जगतात की. मग तिनं पेन उघडलं आणि तिन्ही फॉर्मवर शेऱ्याच्या चौकटीत एकच मजकूर लिहिला. 'वरील उत्तर खरे नाही. आधार वाढला आहे. तो तपासनीसाने नियम मोडून वाढवला आहे.' आणि फॉर्म घेऊन ती मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडम तिच्याहून बारा वर्षांनी लहान होत्या. हा अभ्यास त्यांनी विद्यार्थिनी असताना आखला होता आणि पोटच्या पोरासारखा वाढवला होता. त्यांनी शेरा वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचला.

"ताई, हे काय आहे?"

आकडेवालीनं सांगितलं. चिठ्ठ्या, खोका, कप, सगळं. दहा न मोजता, एका दमात.

"तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी समजू शकले असते. मी नव्या मुलांना तुमचे फॉर्म दाखवते हो!" त्या उठून खिडकीशी गेल्या. "आता मी काय लिहू इथं? शून्य लिहिलं तर खोटं. खरं लिहिलं तर तो तुमचा आकडा, त्यांचा नाही. असं काही मनात होतं तर वाचनालयातल्या बाई गेल्या तेव्हाच माझ्याशी बोलला का नाहीत?"

"बोलले होते. फोन केला होता."

"मग मी काय म्हटलं?"

"सात टाका म्हणालात."

मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आकडेवालीनं मोजलं नाही, पण दहाच्या पुढं गेलं असावं. मग त्या टेबलाशी आल्या, कपाटातून मूळ यादी काढली आणि पट्टी लावून तीन ओळी खोडल्या.

"या तिघी अभ्यासातून बाद. आधीच्या सगळ्या फेऱ्यांसकट. आणि तुम्हाला मी ठेवू शकत नाही, ताई. माझ्या हातात असतं तरी ठेवलं नसतं, खोटं कशाला बोलू?"

"बरोबर आहे."

"अहवालात तुमच्या वस्तीचा आधार घटलेलाच दिसणार. ज्या तिघींचा वाढला त्या त्यात नसतील." मॅडमनी ओळखपत्र मागून घेतलं. आकडेवाली दाराशी पोचली तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "ते चौथं कलम यादीतल्या बायकांसाठी आहे. यादीतून गेल्या म्हणजे त्या आता आमच्या कोणी नाहीत. त्यांना कोण भेटतं हे मला विचारायचं कारण नाही."

*

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मावशींच्या जिन्यावर चढली. खांद्याला पिशवी नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. तिघीही तिथंच होत्या. तिनं उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

मग शाळेच्या बाई कडाडल्या, "म्हणजे तू स्वतःहून सांगितलंस? अगं, ऐंशी वर्षांत मी पहिल्यांदा एवढी तयारी करून खोटं बोलले, आणि ते तू फुकट घालवलंस?"

"काय म्हणते ती?" सिस्टरांनी विचारलं.

"हिची नोकरी गेली!" मावशी त्यांच्या कानात ओरडल्या.

"कोणी सांगितलं ऑफिसात?"

"हिनंच!"

"मूर्ख आहे का?" सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी आकडेवालीला हाताला धरून शेजारी बसवलं.

बसली खरी, पण बोलणार काय? बारा वर्षं ती या बायकांकडे प्रश्न घेऊन आली होती. प्रश्न नसताना माणसं कशी बोलतात ते ती विसरूनच गेली होती. मावशींनीच तिची सुटका केली. त्यांनी कोटाची बाही उसवायला तिच्या हातात दिली आणि विचारलं, तुला नवरा आहे का. मग शाळेच्या बाईंनी विचारलं, राहतेस कुठं. मुलंबाळं किती, एकटीच असतेस का, रात्री जेवतेस का नुसता चहा पितेस. ती उत्तरं देत गेली. आधी एका शब्दात, मग दोन शब्दांत, मग तिचं तिलाच थांबता येईना. आणि तशीच ती वाचनालयातल्या बाईंपर्यंत आली.

तिनं नऊ शून्यं सांगितली. 'परत कधी येणार' हे सांगितलं. मग खालच्या गृहस्थांनी जिन्यात सांगितलेली, आणि मॅडमनाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. दार फोडलं तेव्हा बाईंच्या डोक्याखाली टॉवेल होता. घडी केलेला. आणि नळाच्या पाइपवर खालच्या घरात दोन दिवस टकटक ऐकू येत होती. गृहस्थांना वाटलं होतं, हवा अडकली असेल.

हे सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की सिस्टरांना त्यातलं अक्षरही ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण त्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी मावशींना खूण केली, आणि मावशींनी सगळं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. टॉवेल, पाइप, सगळं.

सिस्टरांनी ऐकून घेतलं. मग पाठ ताठ केली. इस्पितळात नातेवाइकांसमोर उभं राहताना करत असतील तशी.

"पडल्या पडल्या गेली असणार ती," त्या म्हणाल्या. "या वयात डोकं आपटलं की लगेच शुद्ध जाते. पस्तीस वर्षं मी हेच बघितलंय. तिला काही कळलंसुद्धा नसेल. टॉवेल आपटताना खाली आला असेल. आणि पाइप काय, सगळ्याच घरांत वाजतात."

शाळेच्या बाई लगेच म्हणाल्या, "हो, माझ्याकडे तर रोज वाजतो." मावशींनी खाली बघून सुईत दोरा ओवायला घेतला.

आकडेवालीनं सिस्टरांकडे पाहिलं. बारा वर्षं समोरच्या बाईचं तोंड बघून बघून तिला एवढं नक्की कळायला लागलं होतं, की माणूस खरं कधी सांगतं आणि आपल्यासाठी खोटं कधी सांगतं. सिस्टर नजर न हलवता तिच्याकडे बघत होत्या आणि त्यांचा हात तिच्या मनगटावर घट्ट होता.

"खरंच का हो, सिस्टर?" तिनं विचारलं. त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं.

"अगदी खरं," सिस्टर म्हणाल्या.

"बरं," ती म्हणाली, आणि डोळे पुसून बाही उसवायला लागली.